धाकटीची कातडी

बावधनच्या फ्लॅटात राहणारी धाकटी बहीण वेणू साठीतही तुकतुकीत दिसायची. मुळशीत जन्मभर भातलावणी केलेल्या साळूबाईला ते कायम सलायचं. एका प्रयोगशाळेला कातडीतल्या म्हाताऱ्या पेशी शोधायच्या दोन पद्धती ताडून पाहायच्या होत्या. त्यासाठी दोघी बहिणींनी दंडाच्या कातडीचा नखाएवढा तुकडा दिला.

निकालाच्या दिवशी वेणू बाहेरच्या बाकावर बसून राहिली. "आक्का, माझं पण तूच बघून ये. मला भीती वाटते."

आत प्रयोगशाळेच्या शुभांगी मॅडमनी चित्रं दाखवली. रंग लावल्यावर म्हाताऱ्या पेशी निळ्या दिसत होत्या, आणि वेणूच्या कातडीत त्या साळूबाईच्या दुप्पट होत्या.

"दुसऱ्या मशीनमधलं बी दाखवा की," साळूबाई म्हणाली. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं.

रंगाशिवाय बघणाऱ्या नव्या मशीननंही तेच सांगितलं.

साळूबाई पदराआड हसू दाबत बाहेर आली. वेणू धडपडत उठली. तिनं साळूबाईचा हात घट्ट धरला. "काय निघालं गं?"

 

"माझ्याच लई म्हाताऱ्या निघाल्या," साळूबाई म्हणाली. "तू हायेस तशीच हायेस."