उघाडीची फिर्याद

"अडीच वर्षांत एक कागद कोर्टात नेऊन देता आला नाय याला!" बायजाबाई एसटीत बसल्यापासून बोलत होती, आणि हळू बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "एवढ्यात शेळी चारदा व्याली असती. हा नुसता आज जातो, उद्या जातो."

हरेश, तिचा थोरला, खिडकीबाहेर बघत होता. सत्तावीस वर्षांचा बाप्या, पण मान खाली.

मागच्या बाकावर गावकीचा पंच जगन म्हात्रे बसला होता. बायजाबाईचं घर वाळीत होतं, त्यामुळे तो तिच्याशी बोलणार नव्हता. कान मात्र त्याला बंद करता येत नव्हते. बायजाबाईने आवाज आणखी चढवला.

"याच्या बापाचं नाव मातीत मिळवलं त्या रोह्याच्या पेपरवाल्याने. आणि हा फिर्याद द्यायला मुहूर्त शोधतो!"

गोष्ट ब्याण्णवच्या भाद्रपदातली. खाडीच्या बांधाला उघाडी होती. ओहोटीला तिच्या फळ्या काढून शेतातलं पाणी सोडायचं आणि भरतीच्या आधी फळ्या परत घालायच्या, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. हे काम गावाने बायजाबाईच्या नवऱ्याला, दत्तात्रेयला, दिलेलं. त्या उधाणाला फळ्या घातल्याच गेल्या नाहीत. बांध फुटला आणि अख्ख्या गावाचं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं.

चार दिवसांनी रोह्याच्या एका साप्ताहिकात छापून आलं. जिताडा मासा मिळावा म्हणून दत्तात्रेयने भरतीला उघाडी मोकळी ठेवून जाळं लावलं आणि तिथेच त्याचा डोळा लागला, असं.

त्याच दिवशी गावकीने घर वाळीत टाकलं. दत्तात्रेय व्हय म्हणाला नाही की नाय म्हणाला नाही. आधीचाच खोकला, तो वाढत गेला. होळीच्या आत माणूस संपला. तिरडीला खांदा द्यायला निडीहून, बायजाबाईच्या माहेरची माणसं आली. गावातलं एक दार उघडलं नाही.

तेराव्यानंतर गावकीचा निरोप आला. कोर्टात पेपर खोटा पाडा, मग तुम्हाला परत गावात घेऊ. बायजाबाईने सगळ्यांदेखत पदर खोचला. पेणच्या गुप्ते वकिलांनी फिर्याद लिहून दिली, तिने अंगठा उठवला. त्या अंकाची प्रत जोडून आणायची आणि दाखल करायची, एवढंच राहिलं होतं. ते तिने हरेशवर सोपवलं. धाकटी मृणाली तेव्हा अठराची होती, आता एकवीस. वाळीतल्या घरात पोरगी मागायला कोण येणार?

आज पेणच्या ऑफिसात गुप्ते वकिलांनी तोच कागद वाचला, मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"बाई, अशा फिर्यादीला मुदत छापून आल्यापासून तीन वर्षांची. ती संपून अकरा दिवस झाले."

"अकराच ना? मग द्या की सरकवून."

"कोर्टात सरकवत नाहीत." वकील हसले नाहीत. "उशीर माफ होऊ शकतो. पण कारण पटलं पाहिजे. कागद का अडकला, ते हरेशने शपथेवर सांगायचं. मग संपादकाला बोलावतील. बातमी कुणी दिली, उघाडीवर कोण होतं, सगळं निघेल."

हरेशचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"बोल की रे मेल्या," बायजाबाई म्हणाली. "का अडकला?"

ती उठली.

"राहू द्या वकीलसाहेब. याच्या तोंडून शब्द निघायचा नाय."

"आज सोडलंत तर कायमचं सुटलं, बाई."

"कळलं मला."

कोर्टाच्या फाटकासमोर जगन म्हात्रे चहा पीत उभा होता. बायजाबाई भर रस्त्यात थांबली.

"संपलं! मुदत गेली! बापाचं नाव पोरानेच बुडवलं!"

जगनने ग्लास खाली ठेवला आणि स्टँडची वाट धरली. संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं.

तो वळणाआड गेल्यावर हरेश फाटकाच्या भिंतीला टेकून खालीच बसला.

"आये, मी मुद्दाम नाय दिला कागद."

ती उभीच राहिली.

"आबांना त्या दिवशी ताप होता. उघाडीवर मी होतो. जाळं माझं, डोळाही माझाच लागला. पाणी चढल्यावर फळ्या बसेनात. आबा म्हणाले, तोंड उघडू नको. कोर्टात गेलो असतो तर हे सगळं निघालं असतं." तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. "पण पेपरवाल्याला आबांचं नाव कुणी दिलं, ते मला अजून कळलं नाय."

बायजाबाईने आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. मग सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला.

"ऊठ. जन्मात एक काम तू नीट केलंस. तू भित्रा हायस, म्हणून तर कागद तुझ्याकडे दिला. दुसऱ्याने वेळेत लावला असता आणि त्या संपादकाने भर कोर्टात माझ्याकडे बोट दाखवलं असतं. गावात तुझं नाव कुणी घ्यायच्या आत, रोह्याला जाऊन तुझ्या बापाचं नाव मीच सांगून आले होते."