गाळलेल्या ओळी

शिवकन्येची मागणी चौथ्यांदा फेटाळली गेली, तेव्हा ती कळमनुरीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवत होती. मोबाईल थरथरला. तिने वाचलं, मुलांना चार गणितं घातली आणि उरलेला तास खिडकीशी उभी राहिली.

मागणी एवढीशी होती. आकडेमोडीच्या एका संगणकभाषेत छोटासा बदल. ती भाषा फुकट, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली. कुणीही सुधारणा सुचवावी, बाकीच्यांनी तिची चिरफाड करावी. यादीत एखादी जागा रिकामी असली की त्या भाषेतलं अहवालाचं साधन ती अख्खी ओळ गुपचूप गाळायचं आणि उरलेल्यांची सरासरी काढायचं. शिवकन्येचं म्हणणं, गाळा बापडे, पण किती गाळल्या ते अहवालात आपणहून सांगा.

जगाला घाई नव्हती. तिला होती. तांड्यावरचं बाळंतिणींचं केंद्र महिनाअखेरीला बंद होणार होतं, कारण त्याच साधनाने काढलेल्या सरकारी अहवालात तांड्याच्या बाळांची वजनं झकास होती. आणि गेल्या हंगामात ऊसतोडीला गेलेल्या बायांची सात बाळं तिकडे फडावरच दगावली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ती बाळं वजनकाट्यावर कधी चढलीच नाहीत. म्हणजे वजनाची जागा रिकामी, ओळ बाद, सरासरी गुटगुटीत. तिला हे लख्ख दिसत होतं, पण दाखवता येत नव्हतं. मूळ नोंदी कुलूपबंद, खाली यायचा तो फक्त तयार अहवाल.

"मॅडम, तोंडी कसं धरू?" जिल्ह्याचे साहेब म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता, कागदाचा होता. "मशीनला म्हणू द्या की सात ओळी गळल्या. त्याच दिवशी केंद्र चालू ठेवायच्या कागदावर सही करतो."

साहेब तिला मानत. या नोंदींचा मोबाईलवरचा फॉर्म तिनेच चार वर्षांपूर्वी बांधून दिला होता. त्याआधी याद्यांत निम्मी नावं कोरी, एकच पोरगं तीनदा मोजलेलं. तिने अट घातली, नाव लिहिल्याशिवाय नोंद पुढे सरकणारच नाही. घोळ महिन्याभरात मिटला. साहेबांनी भर सभेत शाल-नारळ दिला होता.

शनिवारी ती तांड्यावर गेली. अंगणवाडीच्या रूपाबाई दारातच बसल्या होत्या.

"रूपाबाई, त्या सात लेकरांची नोंद केली होती ना?"

"मोबाईल घेऊन घरोघर हिंडले, मॅडम."

"सगळ्यांची?"

"मशीननं घेतलं तेवढं समदं भरलं." रूपाबाईंनी पदर सारखा केला. "काहून? माझ्यावर येतंय का काही?"

"तुमच्यावर काहून येईल? चूक त्या मशीनची आहे."

शेजारच्या ओट्यावर जिवनबाई सुनेला, दिपाला, वेणी घालत होत्या. दिपाला आठवा लागला होता. तिचं पहिलं बाळ फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बारा दिवसांचं होऊन गेलं.

"लई थंडी होती, बाई. आमी म्हनलं, तांड्यावर परत गेल्यावर बारसं करू. नाव आत्यानं ठेवायचं असतंय ना, अन् आत्या हितं. समद्याच घरांचं तसंच ठरलं होतं." जिवनबाईंनी शिवकन्येचा हात धरला. "केंद्र ऱ्हाईल ना? ते असलं तर हिला मागं ठेवता येतंय. न्हाई तर दिवाळी झाली की ही बी निघाली फडावर."

दिपाने मान वळवून शिवकन्येकडे पाहिलं.

"राहील," शिवकन्या म्हणाली. मग जीपमध्ये बसल्यावर तिने स्वतःला मनोमन शिव्या घातल्या. शब्द तर देऊन बसले, आणि हातात काय, तर धुपाटणं.

तिने पाचव्यांदा मागणी टाकली. ती भाषा सांभाळणाऱ्यांतला एक परदेशी म्हातारा पहिल्यापासून आडवा होता. त्याचं उत्तर तासाभरात आलं.

'इशारे वाढले की ते कुणी वाचत नाही. ज्याला हवं त्याने पर्याय चालू करावा.'

'काही गळलंय हेच ज्याला ठाऊक नाही, तो पर्याय कशाला चालू करेल?' तिने लिहिलं.

'बाई, यंत्राला रिकामी जागा दिसते. जी जागा कुणी मांडलीच नाही, ती त्यालाही दिसत नाही. त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.'

वाद संपला की माणसं तत्त्वज्ञान सुरू करतात, तिला वाटलं. मग तिने तर्कच सोडला. सात बाळांबद्दल लिहिलं, दिपाबद्दल लिहिलं, लाज सोडून हात जोडले. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची एक ओळ आली, 'माझा विरोध मागे.' त्याच्यामागून बाकीचेही वळले. आठवड्याभरात नवी आवृत्ती निघाली आणि सरकारी मशीनने ती आपोआप घेतली. शिवकन्या स्टाफरूममध्ये ढसाढसा रडली.

महिन्याचा शेवटचा दिवस. साहेबांच्या खोलीत रूपाबाई, जिवनबाई आणि धापा टाकत जिना चढून आलेली दिपा. केंद्र चालू ठेवण्याचा कागद टेबलावर टाईप होऊन पडला होता, फक्त सही राहिली होती. साहेबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं आणि नवा अहवाल मागवला.

"तळाशी बघा, साहेब," शिवकन्या म्हणाली. "तिथं आता आकडा येतो. मोठ्यानं वाचा, यांनाही ऐकू द्या."

जिवनबाईंनी हात जोडले. रूपाबाई खाली फरशीकडे बघत होत्या.

साहेबांनी चष्मा चढवला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग हळूच पेनाला टोपण लावलं.

"एकूण नोंदी दोनशे बारा," ते म्हणाले. "गाळलेल्या ओळी, शून्य."

"बारसं झालं नव्हतं ना, मॅडम," रूपाबाई फरशीकडेच बघत म्हणाल्या, "नावाबिगर मशीन पुढं सरकंना."