ओले हात

लेसोथोच्या डोंगरातल्या आमच्या ओढ्यात ट्राउट मासा पकडायचा आणि जिवंत सोडायचा, खायचा नाही. हौशी मासेमारांच्या लॉजचा नियम आहे. मेंढपाळ मोखेलेच्या घोंगडीत तडफडणारा ट्राउट सापडला, तसे पहारेकरी लेबुसाने काठीने मोखेलेचे दातच पाडले.

"ओढा तुझ्या बापाचा काय रे?"

मोखेले रक्त थुंकत म्हणाला, "माझी मेंढरं इथलंच पाणी पितात, दादा."

"मग तूही पी!" लेबुसाने त्याचं डोकं पाण्यात दाबलं.

शेजारीच लॉजचा पाहुणा हात ओले करून तो मासा पाण्यात अलगद धरून बसला होता. "श्वास घे रे बाळा, श्वास घे!"

मी वाटाड्या. मी म्हणालो, "तोंड प्रवाहाकडे धरा, साहेब."

लेबुसाने आणि पाहुण्याने एकदमच हात काढून घेतले.



मासा तेवढा पोहत गेला.