दिवाळीचा रंग

ज्योतीरामने खिडकीच्या खालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरून निळा रंग कसा नव्यासारखा चकचकीत होता. आत सगळा ओलसर भुगा.

कुरुळीतल्या त्या गल्लीत रंग द्यायचा तो दिवाळीलाच. कंपनीला सुट्टी तेव्हा, बोनस तेव्हा, मग रंगही तेव्हाच. पावसाळाभर पाणी प्यालेलं लाकूड नीट वाळायच्या आत त्याच्यावर ऑइल पेंटचा हात फिरायचा आणि पाणी आतच कोंडायचं. दर वर्षी एक थर वाढत होता आणि दर वर्षी खिडकी आतून मरत होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं. वैशाखात, लाकूड खडखडीत वाळलेलं असताना, रंगवायला घरी असतंच कोण?

यंदा ज्योतीराम होता. होळीच्या सुमारास कंत्राटदाराने त्याला कंपनीतल्या कामावरून ब्रेक दिला. पुन्हा बोलावतो म्हणाला, बोलावलं काही नाही. गल्लीत मात्र त्याने साचलेल्या सुट्ट्या घेतल्याचं सांगून ठेवलं होतं. बायको, विजयश्री, रोज कानीकपाळी ओरडत होती, की शेजारच्या बबनरावांच्या कंपनीत माणसं घेताहेत, एक शब्द टाकून बघा. पण ज्यांच्या पोरीच्या लग्नात आपण ‘यंदा पर्मनंट होणारच’ म्हणून मिरवलो, त्यांच्यापुढे आता कुठल्या तोंडाने उभं राहायचं? लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

नेमके तेच बबनराव पहिली पाळी संपवून आले आणि दारात थांबले. माणूस मूळचा कुरुळीचा, आणि सल्ला द्यायला कधी आमंत्रणाची वाट न बघणारा. एवढा खटाटोप कशाला, त्यांनी सांगितलं, भोकात पुट्टी भर, वरून एक हात मार, संध्याकाळपर्यंत खिडकी नवीकोरी.

ज्योतीराम म्हणाला, तेच तर इतकी वर्षं केलं. आता सडलेलं कापून काढायचं, उरलेलं उन्हात उघडं ठेवायचं, मग त्याला जवसाचं तेल पाजायचं. रंग सगळ्यात शेवटी, आणि खालच्या न दिसणाऱ्या बाजूलाही.

“आरं, पन ह्याला लई दिस जातील की. येवढी सुट्टी हाय व्हय तुला?”

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. ज्योतीरामच्या तोंडात नेहमीचं उत्तर तयार होतं. ते दिलं असतं तर बबनराव मान डोलावून घरी गेले असते आणि विषय मिटला असता. तो हातातल्या भुग्याकडे बघत राहिला.

“सुट्टी नाहीये, भाऊ. काम गेलंय माझं. होळीपासून घरीच बसून आहे.”

बबनरावांनी डब्याची पिशवी ओट्यावर ठेवली, पट्टीतला आणखी थोडा भुगा बोटाने उकरून काढला आणि हात झटकले.

“उद्या सकाळच्याला माझ्यासंगं कंपनीच्या गेटवर चल,” ते म्हणाले. “खिडकीचं काय, ऱ्हाऊ दे उघडी. लाकडाला वाळाया माणूस लागत न्हाई.”