तीनच नमो मरिया

“स्तेफाबाई, आता जरा बाहेर थांबा,” फादर ल्युद्विक म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पलंगाशेजारच्या टेबलावर पांढरं कापड स्तेफानेच अंथरलं होतं, क्रूस आणि मेणबत्त्याही तिनेच मांडल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांच्या घरी येत. पण नवऱ्याच्या पापांची कबुली बायकोने ऐकायची नसते. स्तेफा स्वयंपाकघरात उभी राहून नुसती जळत होती. कोळशाच्या खाणीने झेनोनची छाती पोखरली होती, दोन वाक्यांत त्याला धाप लागायची. तरी आत कुजबुज चालूच. अडतीस वर्षांत तिच्याशी तो एवढं सलग कधी बोलला नव्हता.

पोस्टातली मिरका! दुसरं काय असणार? जन्मात कुणाला पत्र न लिहिलेला हा माणूस रोज खाणीतून सुटला की तिकिटं घ्यायला जायचा.

दार उघडलं. प्रसाद घेऊन झेनोन डोळे मिटून, फादरनी पापांच्या मापाने मोजून दिलेली प्रायश्चित्ताची प्रार्थना पुटपुटू लागला. त्याच्या ओठांवर नजर रोखून स्तेफाने मोजलं. एक नमो मरिया, दोन, तीन. मग त्याने क्रूसाची खूण केली. संपलं.

तीनच? शेजारणीची कोंबडी स्तेफाने आपल्या खुराड्यात कोंडली, तर तिला दहा मिळाल्या होत्या! म्हणजे मिरकाचं काही घडलंच नव्हतं, नाहीतर याने ते फादरपासूनही लपवलं. आणि लपवलं असेल, तर हा पाप पोटात घेऊन देवासमोर जाणार.

तिने फादरना स्वयंपाकघरात गाठलं.

“फादर, त्याला तीन पुरतात का हो?”

“ते मी सांगायचं नाही आणि तुम्ही विचारायचं नाही. तुमचं स्वतःचं काही असेल तर बोला.”

मग स्तेफा बोलली. मिरका झेनोनसाठी सूप पाठवायची, ते दर आठवड्याला कुत्र्याला घातलं. तिच्याबद्दल गावभर नाही नाही ते पसरवलं. गेल्या हिवाळ्यात ती दारासमोर बर्फावर आपटली, तेव्हा खिडकीतून पाहून हसले, उठवायला गेले नाही.

“अख्खी जपमाळ, पन्नासच्या पन्नास नमो मरिया,” फादर म्हणाले. “त्याच्या उशाशी बसून.”

ते गेल्यावर ती बसली. तीन झाल्या, दहा झाल्या. विसाव्या नमो मरियेला झेनोनने डोळे उघडले. तिसाव्या वेळी तो कोपरावर रेटा देऊन अर्धा उठला.

“अगं, अजून? एवढं प्रायश्चित्त?”

ती थांबली नाही.

“कोण होता तो?” महिनोन्‌महिने पांढऱ्याफटक पडलेल्या त्याच्या तोंडावर रंग चढला. “बेकरीवाला ना? मला तेव्हाच वाटलं होतं!”

स्तेफाला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तिने पुढचा मणी धरला आणि मुद्दाम सावकाश जपू लागली.