दिगंबररावांचा सोमवार

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साखर वाढलीय. किडनीचंही लक्षण बरं नाही. आठवड्यातले दोन दिवस अगदी कमी खायला सांगितलं होतं ना?"

"कमी कसलं, दोन्ही दिवस कडक उपासच धरलेत," दिगंबरराव दुखावल्या सुरात म्हणाले. "म्हटलं, पथ्याबरोबर पुण्यही पदरात पडेल. हवं तर हिला विचारा."

"खरंच, धान्याला शिवत नाहीत," कुमुदबाईंनी साक्ष दिली. "सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, रात्री तुपातली रताळी. वर दाण्याचा लाडू."

"उपास बंद," डॉक्टरीणबाई अखेर म्हणाल्या. "नाहीतर थोरल्या भावासारखं डायलिसिसला यावं लागेल. त्या दोन दिवशी अर्धी भाकरी आणि पालेभाजी. गोळ्या मी बदलून देते."

सोमवारी दिगंबररावांनी अर्धी भाकरी बघता बघता संपवली आणि आशेनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा सोमवारी त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"अजून काही?"

"नाही," कुमुदबाई आपल्या खिचडीवर लिंबू पिळत म्हणाल्या. "आज उपास माझा आहे. तुमचा नाही."