एकट्याचा अल्बम

माझा नातू चौघांच्या हिपहॉप ग्रुपमध्ये होता. गाताना एकाचा दम संपला की ओळीचा शेवटचा शब्द बाकीचे तिघे म्हणायचे, अशी त्यांची पद्धत. "आजोबा, त्यांच्यामुळे माझा आवाज दबतो," म्हणत साहेबांनी ग्रुप सोडला आणि स्वतःचा पहिला अल्बम काढला.

अल्बमच्या कार्यक्रमाला ते तिघे मागच्या रांगेत येऊन बसले.

"यांना कुणी बोलावलं?" नातू कुरकुरला.

"मी. टाळ्यांना माणसं नकोत का?"

त्याने छाती फुगवून गाणं सुरू केलं. भरभर म्हणत शेवटच्या ओळीपर्यंत पोचला, "मला आता कुणाचीच गरज..." आणि तिथेच त्याचा दम संपला.



मागच्या रांगेतून सवयीने तिघांचा आवाज आला, "नाही."